गोंदियाची उघड्या टपाची गाडी

मिरज स्टेशनवर उभी राहून मी जन्मभर एक पाटी वाचत आले. कोल्हापूर–गोंदिया. आमच्याकडची माणसं त्या गाडीत बसतात ती पुण्याला उतरतात, फार तर शेगावला. शेवटपर्यंत गेलेला माणूस माझ्या तरी पाहण्यात नव्हता. गोंदिया म्हणजे काहीतरी पाटीवरच असणारं, असाच माझा समज. आणि परवाच्या दसऱ्यानंतर मीच त्या गाडीत शेवटपर्यंत बसून गेले, तेही काय करायला, तर एक जुनी मोटार बघायला. आता बोला!

मोटारही साधी नव्हे. दोन माणसांची, बुटकी, लाल, आणि तिचा कापडी टप उघडून मागे दुमडून ठेवता येतो. आमच्या ह्यांनी पोरवयात सांगलीच्या एका केशकर्तनालयात भिंतीवर असल्या गाडीचं चित्र पाहिलं होतं. तेव्हापासून डोक्यात किडा. पोस्टात नोकरी झाली, मुलगा वाढवला, त्याचं लग्न केलं, केस होते ते गेले, पण किडा होता तिथेच. यंदा डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही गुडघे बदलावे लागतील आणि मग इतक्या खाली बसायचं-उठायचं विसरा. एका सकाळी ह्यांनी फोन माझ्यापुढे धरला. गोंदियातल्या अशाच एका गाडीची जाहिरात होती. "ऑपरेशनच्या आधी," एवढंच म्हणाले.

सांगलीत माझं ड्रायव्हिंग स्कूल होतं. गावातल्या निम्म्या बायकांना क्लच कसा सोडायचा ते मी शिकवलंय, त्यामुळे गाडी बघून भुलणाऱ्यांपैकी मी नव्हे. मी अट घातली. गाडी मी तपासणार. मी नाही म्हटलं की नाही, आणि मग या घरात 'टप' हा शब्द पुन्हा निघणार नाही. ह्यांनी देवघरासमोर उभं राहून कबूल केलं. खरं सांगते, मी नाही म्हणायलाच निघाले होते. एवढी जुनी, उघडी गाडी, त्यात धड असं काय असणार?

गोंदिया

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उतरलो. फलाटावर हिंदी, बाहेर हिंदी, रिक्षावाला हिंदी. मी मराठीत विचारलं तर उत्तर हिंदीत, आणि ह्यांनी मोडक्या हिंदीत विचारलं तर उत्तर मराठीत! गाडीचे मालक टेकचंदभाऊ घ्यायला आले होते. उंच, हसरे, खांद्यावर दुपट्टा. तांदळाची मिल आणि थोडी शेती. आम्ही लॉजचं नाव काढलं तर त्यांना रागच आला.

"लॉजवर कायले जाता जी? माह्या घरी काय जागा नाई?"

अनोळखी माणसाच्या घरी उतरायचं? आमच्याकडे असं कुणी म्हटलं तर आपण आधी त्याच्या हेतूचा विचार करतो. इथे विचार करायला वेळच दिला नाही, बॅगा जीपमध्ये गेल्यासुद्धा. घरी त्यांच्या पत्नी शकुनबाई दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या. बाई कमी बोलणारी आणि बोलली की थेट.

"दोन मानसाची गाडी घेऊन काय करान जी तुमी? पाव्हणा आला तं त्याले कुठी बसवान?"

मला बाई एकदम आवडली. माझ्याच मनातलं बोलली की!

जेवायला भात. म्हणजे भाताबरोबर काय, ते विचारायचं. आम्ही भाकरीची माणसं, भात आमच्याकडे शेवटी येतो, ताकाला सोबत म्हणून. इथे भात हीच पंगत आणि बाकी सगळे वऱ्हाडी. लाखोळीच्या डाळीचे गरम वडे आणि पातोडीचा झणझणीत रस्सा. हे एरवी तिखटाला नाकं मुरडतात, त्या रात्री तीनदा रस्सा मागून घेतला. मी म्हटलं, अहो गाडी बघायला आलोय, सोयरीक जुळवायला नाही.

सकाळी मिलच्या आवारात गेलो. पत्र्याच्या शेडखाली गाडी उभी, धुऊन पुसून लख्ख. आत अत्तराचा वास. ह्यांनी तिच्याकडे जे पाहिलं ते मी सांगत नाही, आमच्या लग्नातसुद्धा त्यांनी कुणाकडे असं पाहिलेलं मला आठवत नाही.

मी पहिलं काय केलं तर बॉनेटवर हात ठेवला. गरम! जुनी गाडी नेहमी थंड बघावी. रात्रभर उभी राहिलेली असताना पहिल्या झटक्याला कशी सुरू होते, धूर कसला सोडते, त्यावर निम्मं कळतं. आधीच गरम करून ठेवली की समजावं, काहीतरी लपवायचंय. मी टेकचंदभाऊंकडे वळले.

"भाऊ, इंजिन गरम कायले आहे?" त्यांचाच शब्द त्यांना दिला.

"तुमी येऊन राहिले म्हणून गरम करून ठेवली ना जी," ते अगदी निर्मळ हसून म्हणाले. "पाव्हण्याले थंडी गाडी दाखवावं का?"

चहा गरम ठेवतात तशी मोटार गरम ठेवली होती. मी म्हटलं, आज इंजिन राहू द्या, उद्या पहाटे मी स्वतः सुरू करीन, तोवर कुणी किल्लीला हात लावायचा नाही.

मग टप. उघड्या गाडीत खरा जीव टपात असतो, इंजिन नंतर. कापड कुठे चिरलंय का, शिवण उसवली का, मागची प्लास्टिकची खिडकी पिवळी पडलीय का, लोखंडी सांगाडा सरळ आहे का. उघडताना छान उघडला. लावताना मात्र उजव्या कोपऱ्यात बोटभर फट राहिली. सांगाडा वाकलेला.

"यावर कोण बसलं होतं?" मी विचारलं.

"नवरदेव," टेकचंदभाऊ म्हणाले.

"कुठला नवरदेव?"

"सारेच जी. मोहल्ल्यातले."

मग कळलं. भाऊंनी ही गाडी नागपूरच्या एका डॉक्टरांकडून थोरल्या मुलीच्या लग्नासाठी हौसेने घेतली. त्यांच्या तिन्ही मुली याच गाडीतून सासरी गेल्या, आणि मधल्या काळात मोहल्ल्यातला जो नवरदेव निघाला तो दुमडलेल्या टपावर बसून, पुढे बँड, मागे नाचणारे, अशी पायी चालीने वरात. यंदाच्या उन्हाळ्यात धाकटी रंजू सासरी गेली आणि गाडी शेडखाली लागली. घरात आता ती कुणी चालवत नाही. भाऊंचं पोट स्टिअरिंगला लागतं.

तेवढ्यात मागून हाक आली. हे आत जाऊन बसले होते. बसले ते बसले, आता निघता येईना! गुडघे वर, पाठ जमिनीला टेकायला आलेली. मी एक हात धरला, भाऊंनी दुसरा, आणि शकुनबाईंनी पाठीमागून बिनधास्त रेटा दिला. बाहेर आल्यावर ह्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. लाजले नव्हते, खूश होते.

"बसता येतंय गं," मला म्हणाले. "अजून बसता येतंय."

दरेकसा

पहाटे थंड इंजिन पहिल्या झटक्याला सुरू झालं. धूर पांढरा, तोही क्षणभर, मग स्वच्छ. तेलाचं झाकण उघडून बघितलं, आत ताकासारखा फेस नाही, म्हणजे तेलात पाणी शिरलेलं नाही. चारी चाकांची नक्षी सारखी झिजलेली, म्हणजे गाडी कुठे आपटून वाकडी झालेली नाही. दरवाजाच्या फटी वरपासून खालपर्यंत एकसारख्या. चासीवरचा नंबर कागदाशी जुळला. माझं मन जरा डळमळायला लागलं, तेव्हा मी त्याला दटावलं आणि म्हटलं, चला घाटात, तिथे हिची खरी परीक्षा.

पाहुण्यांना एकटं सोडणं इथे बसत नाही, म्हणून पुढे जीपमध्ये टेकचंदभाऊ नि शकुनबाई, मागे टप उघडून आम्ही दोघं. आमगाव, सालेकसा, मग डोंगर. दोन्ही अंगाला धान. हिरवं सरून पिवळ्याकडे झुकलेलं, लोंब्या वाकलेल्या, आणि सकाळच्या दवाने सगळ्या रानाला एक गोडसर वास. आमच्याकडे उसात वारा घुसला की पात्यांचा नुसता सळसळाट ऐकू येतो. इथे वारा शेतावरून जाताना डोळ्यांना दिसतो. आणि बंद मोटारीतून मी हे कधीच पाहिलं नसतं, एवढं कबूल करायला हवं.

हे सुटलेच होते. दोन्ही हात वर, तोंडाने बडबड, रस्त्यातल्या म्हशींनासुद्धा नमस्कार. एका वळणावर त्यांची टोपी उडाली. मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याने ती उचलली, आम्हाला गाठलं, चालत्या गाडीत ह्यांच्या डोक्यावर घातली आणि न थांबता पुढे निघून गेला. आमच्याकडे टोपी मिळाली असती, पण भाषणही मिळालं असतं.

दरेकसाला इवलंसं स्टेशन, चहूकडे जंगल. स्टेशनबाहेर एक म्हातारी सीताफळांची टोपली घेऊन बसली होती. तिने गाडीभोवती एक फेरी मारली, आत डोकावली, ह्यांच्याकडे पाहून चुकचुकली.

"टप कोनं नेला जी?"

"मागे दुमडलाय आजी," हे म्हणाले.

"पानी आलं तं?"

"तर लावायचा."

"मंग आताच काऊन नाई लावून ठेवत?" आणि आम्ही सीताफळं घेतली तेव्हा गाडीला छत नसलेल्या गरिबांना तिने एक वर घातलं. इतकं गोड सीताफळ मी आजवर खाल्लेलं नाही. आमचे हे तर बिया मोजल्यासारखे एकेक चोखत बसले.

परतताना उतारावर मी ब्रेक तपासले. आधी हळू, मग रस्ता मोकळा बघून एकदम दाबले. गाडी सरळ रेषेत थांबली, जराही ओढली नाही. मी मनातल्या मनात शाबासकी देतेय तोच शेजारून आवाज आला.

"अगं, माझे पाय कशाने भिजले?"

खाली बघितलं. सीटच्या मागून पाणी पुढे आलं होतं, चांगलं पसाभर, त्यांच्या चपला भिजवून. आठवडाभरात तिथे पाऊस नव्हता. म्हणजे पाणी आतच साठून होतं, सतरंजीखाली, कोण जाणे कधीपासून. आणि अत्तर का मारलं होतं तेही कळलं. कोंदट वास! उघड्या गाडीचा घात बहुधा असाच होतो. वरून आलेलं पाणी निघून जायला टपाच्या खोबणीत दोन भोकं असतात. ती तुंबली की पाणी आत उतरतं आणि बूड कुजतं. वरून गाडी लाल लख्ख, खाली पत्र्याची चाळण. बूड गेलं की गाडी गेली.

मी गाडी बाजूला घेतली आणि सांगून टाकलं. "अहो, नाही."

ते म्हणाले, "बरं."

एवढंच. अट म्हणजे अट. वाद घातला असता तर मी दहा कारणं दिली असती, पण माणूस 'बरं' म्हणाला आणि पुढे बघायला लागला. गोंदियापर्यंत ना म्हशीला नमस्कार, ना काही. ओल्या चपला मांडीवर घेऊन बसले होते. मला इतका राग आला की काय सांगू, आणि कुणाचा तेही कळेना. मी जिंकले होते ना? मग गिअर एवढे आपटून का टाकत होते?

संध्याकाळी टेकचंदभाऊंना सांगितलं तर ते दुखावलेच. "ताई, गाडी तं टिनाखाली होती. मी तुमाले फसवून राहिलो का जी? उद्या अर्जुनीले चला, रंजूच्या घरी. जेवण ठरलं आहे, तिले गाडी अखेरची पाहाची आहे. तिथंच सारी सतरंजी उघडा. सडलं असन तं मीच म्हणीन, नका घेऊ."

अर्जुनी मोरगाव

दक्षिणेला गोंदिया जिल्हा म्हणजे तलावच तलाव. एक मागे पडतोय तोच दुसरा. तलावात डोंगे घेऊन माणसं शिंगाडे काढत होती. रस्त्याच्या कडेला उकडलेल्या शिंगाड्यांचे ढीग. शिंगाडा आम्हाला माहीत तो उपासाच्या पिठातला, असा काळा, शिंगं असलेला, गरम गरम सोलून खायचा हे नवीनच. एरवी ह्यांनी एका माणसाला थांबवून शिंगाड्याची अख्खी कुंडली विचारली असती. त्या दिवशी मी सोलून दिले ते मुकाट्याने खाल्ले.

रंजू दारातच उभी होती. बावीस-तेवीसची पोर, आईसारखीच थेट. आईबापांच्या आधी गाडीला भेटली, दिव्यांवरून हात फिरवला. जेवणात तलावातल्या मासोळीचं कालवण आणि अर्थातच भात. मग अंगणात मी पदर खोचला, सीटा पुढे सरकवल्या आणि मागून सतरंजी उचलायला घेतली. हे लांब खाटेवर जाऊन बसले. तिकडे तोंडसुद्धा करीनात.

सतरंजी कोपऱ्यातून सुटली आणि मी थबकले. सीटच्या रुळाजवळ, सतरंजीखालच्या ओल्या नमद्यातून, वीतभर काहीतरी उगवलं होतं. पिवळट, लवचीक, उजेडाकडे मान वळवलेलं. मी चष्मा पुसून पाहिलं. मोटारीत गवत?

"गवत नोहे," रंजू माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली. "धान आहे ते." आणि तिचा आवाज बदलला. "बाई, माहं धान आहे हे!"

कुणाला काही कळेना. मग तिनेच सांगितलं. इकडे लेक सासरी निघते तेव्हा ओंजळीत धान घेते आणि मागे न बघता डोक्यावरून मागे टाकते. माझ्या वाट्याचं भाग्य माहेरीच राहू दे, असा त्याचा अर्थ. मागे आई पदर पसरून उभी असते, तिने ते पदरात झेलायचं आणि घरात नेऊन ठेवायचं. रंजू गाडीत बसून निघाली. टप उघडा. रडत रडत तिने धान डोक्यावरून टाकलं. मागे तीन हातांवर आई उभी.

मी उठून उभी राहिले. सीटवर बसून मागे टाकलेलं धान कुठे पडणार? आईच्या पदरात कसलं, सीटच्या पाठीमागे, टपाच्या खोबणीत!

मी सायकलच्या ब्रेकची जुनी तार मागवली आणि डाव्या भोकात खुपसली. आधी काही नाही. मग घुळघुळ आवाज आला, गाडीखाली पाण्याची धार लागली आणि तिच्याबरोबर धान बाहेर यायला लागलं. काही कुजून काळं झालेलं, काही नुसतं कोंड्याचं टरफल, काही मोड आलेलं. उजव्या भोकातून त्याहून जास्त. एकट्या रंजूचं नव्हतं ते. तिघींचं होतं.

शकुनबाई इतका वेळ पायरीवर बसून होत्या. त्या उठल्या, चिखलात वाकल्या आणि ते काळं-पिवळं धान वेचायला लागल्या.

"माह्या पदरात एक दाना नाई पडला," त्या म्हणाल्या. "मोठीच्या वक्ती नाई, मधलीच्या नाई, हिच्या नाई. मी कोणाले बोलली नाई. मले वाटलं, माह्याच पोरीइच्या मनात माहेरासाठी काई नाई." आणि पदर तोंडाला लावून रडल्या. रंजू धावत जाऊन त्यांना बिलगली. टेकचंदभाऊ गाडीकडे पाठ करून दुपट्ट्याने डोळे पुसत होते. गाडी विकायचा हट्ट बाईंचाच होता, हे मला तेव्हा कळलं. ती शेडखाली दिसली की त्यांना रिकामा पदर आठवायचा.

मला रडू आवरायचं एकच साधन माहीत आहे, काम. मी पाना घेऊन गाडीखाली शिरले. बूड सगळीकडून ठोकून पाहिलं. आवाज खणखणीत! वरवर गंज होता, पण खरवडला की खाली पत्रा शाबूत. भोकं पुरती तुंबली ती रंजूच्या धानानंतर, म्हणून शेडच्या पत्र्यातून गळलेलं पाणी एका पावसाळ्याचंच होतं. फक्त डाव्या पायाखाली हातभर जागा मऊ लागली, तिथे ठिगळ मारलं की काम झालं. टपाचा सांगाडा सरळ करता येणारा. मी बाहेर आले, कपाळाला ग्रीस, केसात माती, आणि खाटेकडे बघून ओरडले.

"अहो! गाडी चांगली आहे!"

हे गुडघे विसरून उठले. पण त्याच क्षणी शकुनबाई बोलल्या. "आता नाई विकाची."

टेकचंदभाऊ म्हणाले, "अवं, तूच तं म्हणत होती..." पण बाईंनी पदराची गाठ घट्ट धरली होती, धान त्यात होतं. मी त्यांच्या जागी असते तर मीही हेच म्हटलं असतं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते हळूच पुन्हा खाटेवर बसले आणि मला म्हणाले, "राहू दे. त्यांची आहे ती."

मग माझ्या डोक्यात आलं ते विचारलं. "शकुनबाई, तुम्ही कधी बसलात हिच्यात?"

"मी कायले बसू? पोरी बसल्या."

"चला."

टप मागे टाकला, बाईंना बसवलं, त्यांच्या डोक्यावरचा पदर मी हनुवटीखाली गाठ मारून बांधला, आणि तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, गाडी काढली. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला पाळीखालचं पिवळं धान, वर मोकळं आभाळ. आधी त्या दार धरून बसल्या होत्या. मग एक हात सुटला, मग दुसरा. पाळीच्या टोकाला मी गाडी वळवली तशा म्हणाल्या, "रंजू इथी बसली होती?"

"तिथेच."

"तिले बी असाच वारा लागला असन." मग पाण्याकडे बघत, "घाबरली असन का वं ती?"

"घाबरली असेल थोडी. पण वारा लागला की बरं वाटतं ना?"

"हाव," त्या म्हणाल्या. आणि हसल्या. चार दिवसांत पहिल्यांदाच.

अंगणात परत आलो तर सगळे रांगेत उभे. शकुनबाई उतरल्या, तेही कुणाचा हात न धरता, आणि सरळ ह्यांच्यासमोर गेल्या. "घेऊन जा जी. शेडमधी ठेवून तिचं काय भलं होनार आहे? पण माह्या घरून जाईन तं लेकीसारखी जाईन."

रंजूने ते पिवळं रोप मुळासकट काढून सासरच्या शेताच्या बांधाच्या ओलीत खोचून दिलं. त्याला लोंबी येईल की नाही देव जाणे, वेळ टळून गेली होती त्याची.

निघताना

ठिगळ गोंदियातच मारून घेतलं, सांगाडा सरळ केला, टप लावून वरून बादल्या ओतून पाहिल्या. थेंब नाही. कागदपत्रांची धावपळ टेकचंदभाऊंनी स्वतः केली. कुणाला जुनी उघडी गाडी घ्यायची असेल तर बाकी सगळं बघाच, पण आधी एक विचारा, हिच्यात बसून कोण कोण सासरी गेलं?

निघायच्या सकाळी मिलच्या आवारात मोहल्ला जमला. गाडीला हळदीकुंकू, दिव्यांना हार. शकुनबाईंनी नव्या धानाची ओंजळ आणली. प्रश्न असा की टाकायचं कुणी? गाडी माझ्या हातात, म्हणजे शेजारी बसून जाणारे हेच नवरी. लोक हसायला लागले. ह्यांनी आवेशाने ओंजळ धरली आणि सीटवर बसायला निघाले.

"खबरदार!" मी ओरडले. "भोकं आत्ता साफ केलीत मी! जे काय टाकायचं ते खाली उभं राहून टाका, आणि मग बसा."

तर आमचे हे, पोस्टातून निवृत्त, टक्कल, दोन्ही गुडघे निकामी, गाडीच्या मागे पाठमोरे उभे राहिले. मागे शकुनबाईंनी पदर पसरला. ह्यांनी हात उचलला आणि तिथेच थांबले. मला वाटलं गंमत करताहेत. बघते तर डोळ्यांतून घळाघळा पाणी. पोरवयापासून जिची वाट पाहिली ती गाडी समोर, आणि माणूस खरोखर माहेर सोडत असल्यासारखा रडत होता. मग त्यांनी ओंजळ डोक्यावरून मागे टाकली. अगदी मागे न बघता.

आम्ही त्यांना आत बसवलं. मी इंजिन सुरू केलं, आरशात पाहिलं. शकुनबाई पदरात वाकून बघत होत्या. मग त्यांनी पदराची टोकं गोळा करून छातीशी धरली आणि सगळ्या मिलला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या,

"पडलं जी! सारं पडलं! जा आता!"